‘आमच्या घरात कुणाला चढत नाही’

(पत्र थोडं आटोपतं घेतलं आहे. नाव-गाव काढलं आहे.)

डॉक्टर, नमस्कार.

माझं वय 29. माहेर बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. वीस वर्षं ते ऊसतोडीला गेले, दारू रोजची. सहा वर्षांपूर्वी गावच्या सप्त्यात त्यांनी महाराजांच्या हातून माळ घातली आणि त्या घटकेपासून थेंबाला शिवले नाहीत. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, झोप उडाली. तिसऱ्या रात्री म्हणायला लागले, भिंतीवरून मुंग्या चालल्यात, दारात माणसं कोयते घेऊन उभी आहेत. मला ओळखेनात. गावानं सांगितलं, बाहेरचं आहे, देवऋष्याकडे नेलं. पहाटे आकडी आली आणि तिथंच गेले. लोक अजून म्हणतात, मनात पाप ठेवून माळ घातली, ती भोवली.

थोरले चुलते, तात्या, आता 52 वर्षांचे आहेत. विशीत त्यांना आवाज ऐकू यायला लागले, जेवणात विष घातलंय म्हणायचे. लग्न झालं नाही. गोठ्याजवळच्या खोलीत असतात, अमावास्येला घरचे त्यांच्या पायात साखळी घालतात. तात्या पोटात होते तेव्हा बाहत्तरचा दुष्काळ होता. आजी खडी फोडायला जायची, सुकडीवर दिवस काढायची. ‘माझ्याच पोटाला कीड व्हती’ असं ती आजही म्हणते.

धाकटा भाऊ 24 वर्षांचा आहे, पिकअप चालवतो. शनिवार-रविवारी मित्रांत बसतो. मित्र म्हणतात, गडी लई पचवतो. तोही ऐटीत सांगतो, ‘आमच्या घरात कुणाला चढत नाही.’ आईनं बाजारातून दारू सोडवायची पुडी आणलीय, त्याच्या भाजीत कालवायची म्हणते. आणि माझं पाच वर्षांचं लेकरू हट्ट करायला लागलं की सासूबाई म्हणतात, ‘आजोळच्या वळणावर जाणार हे.’

डॉक्टर, हे रक्तात असतं का? माझ्या लेकरात आलं असेल का?

— एक ताई, जिल्हा बीड


ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न लेकराचा आहे, पण मी अण्णांपासून सुरू करतो. तुमच्या घरातली भीती त्या रात्रीपासून धरली असावी, असं पत्र वाचताना मला वाटत राहिलं. आणि त्या रात्री काय घडलं हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तुम्ही लिहिलेलं वर्णन वैद्यकाच्या पुस्तकात जवळजवळ जसंच्या तसं सापडतं. त्या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसानं दारू एकदम तोडली की पहिल्या दिवसात हात कापतात, घाम सुटतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. 48 ते 72 तासांच्या सुमाराला काहींचं भान जातं. किडे, मुंग्या, साप दिसतात, मारायला आलेली माणसं दिसतात, पोटची पोरगी ओळखू येत नाही. ताप चढतो, काळीज धडधडतं. चांगले उपचार निघण्याआधी या अवस्थेला पोचलेल्यांपैकी तिसरा हिस्सा माणसं दगावायची. आज वेळेवर दवाखाना मिळाला तर बहुतेक सगळी वाचतात.

असं का होतं? मेंदूला शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू पहिल्याला जोर देते आणि दुसऱ्याला दाबून टाकते. रोज रोज दाबलं की मेंदू त्याच्याविरुद्ध पाय रोवून ओढायला शिकतो. जत्रेतली रस्सीखेच आठवा. समोरच्यांनी दोर एकाएकी सोडला तर ओढणारे सगळे धडाधड पडतात. अण्णांचा वीस वर्षांचा दोर एका घटकेत सुटला.

म्हणजे मनात पाप असल्यामुळे ते गेले, हे साफ खोटं आहे. त्यांनी शब्द इतका कसोशीनं पाळला की थरथरत्या हातांनीही घोटभर घेतली नाही. हे तुमच्या आईला सांगा, भावाला सांगा, जमलं तर गावातही सांगा.

या बाबतीत मला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका तालुक्याच्या दवाखान्यात होतो. पाय मोडलेला एक शेतकरी दाखल झाला. तिसऱ्या रात्री तो खाटेवरून उठून ओरडायला लागला, अंगावरचे न दिसणारे किडे झटकायला लागला. आम्ही त्याला खाटेला बांधलं. दाखल करताना ‘रोज किती घेता?’ हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीही नाही. तो वाचला, पण तेव्हापासून मी हा प्रश्न प्रत्येकाला विचारतो, माळकऱ्यालाही.

माळेबद्दलही बोललं पाहिजे, कारण मराठवाड्यात माळेनं सुटलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. माळ घातलेल्या माणसापुढे कुणी पेला धरत नाही. जुन्या टोळीत त्याला कुणी बोलवत नाही. संध्याकाळी सात वाजता, ज्या वेळेला पाय आपोआप दुकानाकडे वळायचे, त्या वेळेला तो देवळात हरिपाठाला बसलेला असतो. नवी माणसं भेटतात, नवा मान मिळतो. माणसाचा सगळा भवताल एका दिवसात बदलून टाकणारी अशी गोष्ट आम्हा डॉक्टरांकडे नाही. मात्र रोज पिणाऱ्यानं माळ घालण्याआधी आठवडाभर दवाखान्यात राहावं. लोराझेपामसारख्या गोळ्या तिथं मोजून देतात आणि हळूहळू कमी करतात. दोर सावकाश सोडतात म्हणा ना. थायमिनची, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून गावात थेट ग्लुकोजची बाटली लावतात, ते धोक्याचं आहे. शरीरात थायमिन संपलेलं असताना आधी ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. थायमिन आधी. तुमच्या गावातल्या महाराजांनी सप्त्यात एवढी एक गोष्ट सांगितली तरी कित्येक घरं वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

आता रक्ताचं.

डेन्मार्कमध्ये 1973 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दारुड्या बापाची किंवा आईची, पण तान्हेपणीच दत्तक गेलेली मुलं संशोधकांनी शोधली. ही मुलं जन्मदात्या घरात वाढलेली नव्हती, त्यांनी बापाला पिताना पाहिलेलं नव्हतं. मोठेपणी त्यांच्यातल्या शंभरी 18 जणांना दारूचा आजार जडला. ज्यांचे जन्मदाते दारुडे नव्हते अशा दत्तक मुलांत हे प्रमाण शंभरी 5 होतं. म्हणजे रक्ताचा वाटा खरा आहे, नाकारता येत नाही. पण तोच आकडा उलट बाजूनं वाचा: दारुड्याच्या पोटी जन्मलेल्या शंभरातले 82 त्या वाटेनं गेले नाहीत.

पुढे जुळ्यांवर खूप काम झालं. दारूच्या आजाराचा धोका माणसामाणसांत कमीजास्त असतो, त्यातला सुमारे निम्मा फरक अनुवंशाचा आणि निम्मा परिस्थितीचा, असा साधारण हिशेब निघतो. दारूचं असं एक जनुक नाही. बारीक बारीक परिणाम करणारी शेकडो जनुकं आहेत.

त्यातल्या काहींचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. तुमच्या भावाचं वाक्य वाचून मी जागीच थांबलो, तो त्यामुळे. अमेरिकेत मार्क शुकिट नावाच्या डॉक्टरांनी विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली आणि किती चढते, तोल किती जातो, हे पाहिलं. त्यात दारुड्यांची मुलं होती आणि दारुडे नसलेल्यांचीही होती. दारुड्यांच्या मुलांत बऱ्याच जणांना तेवढ्याच दारूनं कमी चढली. दहा वर्षांनी त्याच तरुणांना पुन्हा गाठलं. दारुड्यांच्या ज्या मुलांना सर्वांत कमी चढली होती, त्यांच्यातले शंभरी 56 दारूच्या आजारात सापडले. ज्यांना चांगलीच चढली होती, त्यांच्यात हे प्रमाण शंभरी 14 होतं.

आता भावाची बढाई पुन्हा वाचा. ‘आमच्या घरात कुणाला चढत नाही.’ आपल्याकडे याला ताकद समजतात. लग्नाच्या आदल्या रात्री, धाब्यावर, पोळ्याच्या कराला, ‘गडी पचवतो’ म्हणून पाठ थोपटतात. ज्याला दोन पेल्यांत मळमळतं त्याला शरीरच थांबवतं. ज्याला चढत नाही त्याच्या अंगातली ती घंटा मुकी असते. तो जास्त पितो, जास्त पिणाऱ्यांत बसतो, आणि मेंदू वर्षागणिक दोर अधिक जोरात ओढायला शिकतो. तुमच्या घराण्यात रक्तातून काय उतरलं असेल तर बहुधा ही मुकी घंटा उतरली आहे.

यकृताला तर चढण्याशी काही देणंघेणं नाही. जेवढी पोटात गेली तेवढी सगळी त्याला निस्तरावी लागते. आणि भाऊ पिकअप चालवतो. कायद्यानं 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असली की गुन्हा होतो. यंत्र तेवढंच मोजतं, चढली का नाही हे विचारत नाही. ‘मला काहीच झालेलं नाही’ असं ज्याला खरोखर वाटतं, तो स्टिअरिंगवर सगळ्यांत घातक.

उरलेला निम्मा वाटा परिस्थितीचा. त्याला पुरावा शोधायला डेन्मार्क-अमेरिकेला जायची गरज नाही, तुमचंच घर पुरे आहे. तुम्ही आणि तुमचा भाऊ एकाच आईबापाचे. जे रक्त त्याच्यात तेच तुमच्यात. ती मुकी घंटा तुमच्याही अंगात असेल. तुम्ही आयुष्यात कधी घेतली का? 2019 साली केंद्र सरकारनं देशभरातल्या व्यसनांची पाहणी जाहीर केली. दारू पिणारे पुरुष शंभरी 27 निघाले, बायका शंभरी दोनसुद्धा नाहीत. भावाबहिणीचं रक्त काही वेगळं नसतं. मुलीच्या हातात पेला गेला तर सगळा गाव उभा राहतो. मुलाच्या हातात मात्र मामा, मेव्हणा, मुकादम स्वतः देतो.

आणि अण्णांना तो कुठं मिळाला? ऊसतोडीचे सहा महिने मी लहानपणी आमच्या शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहेत. पहाटे अंधारात फडात जायचं, रात्री गाडी भरायची, थंडीत कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत पडायचं. अंगाचा कण न् कण दुखतो. दवाखाना लांब, चपटी जवळ. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पहिल्या वर्षी माणूस अंगदुखीवर पितो. दारूनं झोप लागते हे खरं, पण ती रात्रीच्या दुसऱ्या भागात तुटते. तीनला जाग येते, सकाळी अंग आणखी जड. मग दुसऱ्या संध्याकाळी आणखी थोडी. दुष्काळ, कर्ज, बाजारात पडलेला सोयाबीनचा भाव, घरात आजारी भाऊ, हे सगळं त्यावर. घरात मुकी घंटा असलेला माणूस अशा ठिकाणी वीस वर्षं राहिला, तर त्याचा कमकुवतपणा कुणी आणि कशानं मोजायचा? मला तरी तो अधिकार वाटत नाही.

तात्यांचा आजार वेगळा आहे. विशीत सुरुवात, आवाज, विषाचा संशय, हे स्किझोफ्रेनियासारखं दिसतं. नक्की निदान तपासूनच होईल. हा आजार जगात सगळीकडे, साधारण शंभरात एकाला होतो. सख्ख्या भावाबहिणीला असेल तर धोका शंभरात नऊ-दहाच्या आसपास जातो. चुलत्याला असेल तर पुतण्या-पुतणीला शंभरात तीन-चार. तुमचं 29 वय झालं, पुष्कळसा धोक्याचा काळ मागे पडला. तुमच्या लेकराचं नातं तर आणखी लांबचं. एकाच बीजातून झालेली जुळी भावंडं, जनुकं अगदी सारखी, त्यांच्यातही एकाला हा आजार असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून कमीच असते. नुसत्या रक्तानं भागलं असतं तर ती शंभरात शंभर असती.

मग बाकीचं कुठून येतं? बाळंतपणातल्या अडचणी, कोवळ्या वयात गांजा, एकटं पाडणारं स्थलांतर, बालपणीची मारहाण. आणि एक कारण आजीच्या गोष्टीत आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धात, हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली गेली. शहरांत माणशी दिवसाला हजार कॅलरीसुद्धा मिळेनात. त्या उपासमारीच्या ऐन भरात ज्यांचा गर्भ राहिला, त्या मुलांत मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. चीनमध्ये 1959 ते 1961 च्या दुष्काळात जन्मलेल्यांतही तसंच दिसलं. पहिल्या महिन्यांत बाळाचा मेंदू घडत असतो, तेव्हा आईला अन्न नसेल तर त्याची खूण पुढे वीस वर्षांनी दिसू शकते.

तात्यांना याच कारणानं आजार झाला असं मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल तसं कुणालाच सांगता येत नाही. दुष्काळात जन्मलेली बहुसंख्य लेकरं धडधाकट निघाली. पण मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढून, पोटुशी असताना खडी फोडणारी बाई स्वतःच्या पोटाला कीड म्हणते, तेव्हा मला राहवत नाही. तिनं त्या लेकराला जगवलं.

तात्यांच्या साखळीबद्दल मात्र मी स्पष्ट बोलणार आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी आहे. हा कायदा असाच आला नाही. 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली. साखळ्यांत असल्यामुळे पळता न आलेले 28 रुग्ण त्यात गेले. तुमच्या गोठ्याजवळ कडबा असतो, उन्हाळ्यात वणवे लागतात, विचार करा. घरच्यांना दोष देत नाही. तात्या निघून जातील, कुणावर धावतील, ही भीती खरी असते. त्या भीतीवर औषध आहे. तीस वर्षांनीही उपचार सुरू करता येतात. रोज गोळी घेत नसतील तर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत. अमावास्येला आजार वाढतो असं वाटतं कारण त्या दिवशी सगळं घर त्यांच्याकडे टक लावून असतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सेवा आहे, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विभाग आहे. आणायचं कसं, घाबरले तर काय करायचं, एवढं विचारायला टेली-मानसचा 14416 हा फुकट क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतून बोलता येतं.

आईनं आणलेली पुडी फेकून द्या. आजच. काही पुड्यांत नुसती राख-साखर असते, काहींत डायसल्फिराम असतं. हे औषध खरं आहे, 1940 च्या दशकाच्या शेवटी डेन्मार्कमध्येच त्याचा दारूवरचा उपयोग लक्षात आला. दारू यकृतात मोडताना मधे एक विषारी पदार्थ तयार होतो, ॲसिटाल्डिहाइड. त्याला पुढे निकामी करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, हे औषध बंद पाडतं. चीन, जपान, कोरियात पुष्कळ लोकांत ते विकर जन्मतःच मंद असतं; घोटभर घेतली तरी तोंड लालबुंद होतं, धडधड होते. म्हणून त्या लोकांत दारूचा आजार कमी. डायसल्फिराम तीच अवस्था मुद्दाम आणतं. पण ज्याला हे माहीत नाही तो नेहमीसारखा पितो, आणि मग उलट्या, छातीत दुखणं, रक्तदाब कोसळणं, कधी मृत्यूही. ज्याला दिलं जातं त्याच्या संमतीनं, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं औषध आहे ते. आणि समजा जीव वाचला, तरी आईच्या हातचं जेवण संशयानं पाहणारा मुलगा तुम्हाला हवा आहे का? जेवणात विष घातलंय म्हणणारा एक माणूस त्या घरात आधीच आहे.

भावाशी बोलायचं तर सकाळी बोला, तो शुद्धीत आणि एकटा असताना. गाडी धुताना, चहा घेताना. ‘तू बापावर चाललास’ हे वाक्य टाळा. ते तो लहानपणापासून ऐकत आला असणार, आणि जे पुन्हा पुन्हा ऐकवलं जातं त्याच्यापुढे माणूस कधीतरी हात टेकतो. त्यापेक्षा त्याला अमेरिकेतल्या त्या तरुणांची गोष्ट सांगा. ‘तुला चढत नाही म्हणतोस ना, मग ऐक, डॉक्टर काय म्हणतात.’ तरुण मुलांना भीती घातलेली आवडत नाही, पण स्वतःच्या शरीराबद्दलची खरी माहिती ते कान देऊन ऐकतात, हा माझा अनुभव आहे. एवढं विचारून घ्या: सकाळी हात कापतात का, उतारा म्हणून सकाळीच पुन्हा घ्यावी लागते का, पूर्वी एका क्वार्टरला भागायचं ते आता दोन लागतात का, झोपेसाठी घेतो का. पहिल्या दोनांचं उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकदम बंद करायला लावू नका. अण्णांचं काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. दवाखान्यात न्या. नाही आलं, तर ही सगळ्यात चांगली वेळ आहे. 24 व्या वर्षी शनिवारची टोळी बदलता येते. तलफ कमी करणारी नालट्रेक्सोनसारखी औषधंही आहेत. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी 14446 हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

त्याच्या मनाचीही चौकशी करा. दारूखाली उदासी लपते आणि उदासीखाली दारू. दोन्ही एकमेकांना वाढवतात, एकाचाच इलाज करून चालत नाही. ‘जगून काय करायचं’ असं तो कधी बोलला, नशेत का होईना, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी 14416 ला फोन करा. आणि फवारणीचं औषध घरात असेल तर कुलपात ठेवा, किल्ली आईकडे. हे तर तो काही बोलला नसला तरी करा.

आता लेकरू. पाच वर्षांचं मूल हट्ट करतं कारण ते पाच वर्षांचं असतं. सासूबाईंना हे तुम्ही सुनेच्या तोंडानं सांगू शकणार नाही, मला कल्पना आहे. हे पत्र त्यांना वाचायला द्या. मावशी, तुम्हाला हात जोडून सांगतो, लेकराला आजोळचं नाव चिकटवू नका. 1998 साली कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की मारहाण, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड, घरातला मानसिक आजार, अशा गोष्टींतल्या चार किंवा अधिक बालपणी भोगलेल्यांना मोठेपणी दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चारपट ते बारापट होता. लेकराच्या रक्तात काय आहे ते आपल्या हातात नाही. पण घरात रात्री आरडाओरडा आहे का, त्याला दुकानातून चपटी आणायला कोण पाठवतं, पहिला घोट कोणत्या वयात त्याच्या तोंडाला लागतो, हे सगळं हातात आहे. पंधरा वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्यांना पुढे हा आजार जडण्याचं प्रमाण एकविशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट दिसतं. महाराष्ट्राच्या कायद्यात देशी-विदेशी दारूसाठी वय 25 आहे, ते उगाच नाही. मोठा झाल्यावर त्याला घराण्याची गोष्ट लपवू नका. मधुमेहाच्या घरात सांगतात तशी सांगा: आपल्या घरात हे आहे, तुला चढणार नाही, म्हणून तू घेऊ नकोस.

आणि ताई, त्या अभ्यासातलं ‘असं बालपण भोगलेलं मूल’ तुम्हीही आहात. तिसऱ्या रात्री बापानं ओळखलं नाही ती पोरगी तुम्हीच. पत्रभर सगळ्यांची काळजी केलीत, स्वतःची झोप, स्वतःची भूक, छातीतली धडधड यावर एक अक्षर नाही. तात्यांना दाखवायला जाल तेव्हा तुमच्याही नावाचा केसपेपर काढा.

त्या दिवशी आजीलाही बरोबर न्या. डॉक्टर विचारतील, गरोदरपण कसं गेलं, बाळंतपण घरी झालं का, लेकरू लगेच रडलं का, चालायला-बोलायला कधी लागलं. याची उत्तरं तिच्याशिवाय कुणाकडे नाहीत. तिला खडीची, सुकडीची सगळी हकिकत सांगू द्या, मधे थांबवू नका.